फ्रिजवरचा कान

पाच वर्षांच्या मुलीला ‘तुझे आजोबा आता मरणार आहेत’ हे कोणत्या शब्दांत सांगायचं, या काळजीने एका बाईची झोप उडाली होती. उडाली म्हणजे कशी, तर ती डोळे मिटून पडायची आणि मनातल्या मनात वाक्यं खोडत बसायची. उजाडलं की खोडून उरलेली वाक्यं स्वयंपाकघरात उभी राहून फ्रिजला म्हणून दाखवायची. फ्रिज जरा घुरघुरायचा आणि गप्प व्हायचा. पण फ्रिजवर मी होतो.

मी बेबी मॉनिटर बोलतोय. ‘बोलतोय’ हा शब्दही मला जपूनच वापरायला हवा, कारण मी एक नाही, दोन आहे. माझा एक तुकडा नुसता कान आणि दुसरा नुसतं तोंड. कानाने एका खोलीत ऐकायचं, तोंडाने ते दुसऱ्या खोलीत सांगायचं. मध्ये डोकं नाही. अशी माणसंही पुष्कळ असतात, पण त्यांची वॉरंटी कुणी देत नाही. माझी दोन वर्षांची होती.

जन्म कारखान्यातला, सरकत्या पट्ट्यावरचा. निळी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या कानाशी ‘एक, दोन, तीन’ म्हटलं, तोंडातून ‘एक, दोन, तीन’ बाहेर आलं आणि माझं शिक्षण पूर्ण झालं. मग खोका, मग दुकान.

दुकानात या बाईने मला उचललं तेव्हा दुकानदाराने कौतुकाने विचारलं, “बाळ केवढं आहे?”

“अजून व्हायचंय.”

“मग इतक्यात ऐकणार काय?”

“सराव करीन,” ती म्हणाली. आणि खरंच केला. दोन महिने मी तिच्या नवऱ्याचं घोरणं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वाहून नेलं. ती वहीत नोंद करायची, ‘श्वास नियमित.’

पुढे मुलगी झाली. माझं काम असं होतं, की आईने दोन खोल्या पलीकडे निवांत बसावं आणि मी बाळाची खबर द्यावी. ती कधी निवांत बसल्याचं मला तरी आठवत नाही. बाळ रडलं की ती धावायची. बाळ गप्प असलं की जास्त जोरात धावायची. माझे दोन्ही तुकडे दिसायला सारखेच, पांढरे, गुळगुळीत, साबणाच्या वड्यांसारखे. घाईत घोटाळा नको म्हणून तिने कानावर एक सशाचं स्टिकर चिकटवलं. सशाचे कान लांब, म्हणून ससा असेल तो कान. स्वतःच्या हुशारीवर ती सहसा खूश होत नाही, त्या दिवशी झाली होती.

मुलगी रांगायला लागली आणि दिसेल ते बटण दाबायला लागली. आजोबांनी तिचं नावच ‘बटण’ ठेवलं. पावणेदोन वर्षांची असताना बटण एका दुपारी मला घेऊन पलंगाखाली गेली, नखाने सशाचं स्टिकर अलगद सोडवलं आणि दुसऱ्या तुकड्यावर चिकटवलं. तिच्या लेखी तो न्याय होता. एकाकडे ससा इतके दिवस राहिला, आता दुसऱ्याची पाळी. हे फक्त मी पाहिलं. सांगणार कसं? कानाला तोंड नाही, आणि तोंडाला स्वतःचं असं काही बोलता येत नाही.

त्यानंतर तीनेक वर्षं मी कपाटाच्या वरच्या खणात होतो. शेजारी शेकायची रबरी पिशवी, एकेकटे मोजे आणि एक तुटकी छत्री. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. छत्रीला तर फारच गर्व.

मग आजोबा दवाखान्यातून घरी आले.

आजोबा म्हणजे बटणच्या बाबांचे बाबा. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. अख्ख्या शहराची भांडणं, प्रेमं आणि मरणाच्या बातम्या त्यांच्या हातून जोडल्या गेल्या होत्या, आणि घरी येऊन त्यांनी त्यातला एक शब्द कधी काढला नाही. लाइनवरचं लाइनवरच राहिलं पाहिजे, एवढाच त्यांचा नियम. आता आजार अशा ठिकाणी पोचला होता, की डॉक्टरांनी बरं करणारी औषधं थांबवली आणि बरं वाटणारी सुरू केली. त्यांच्या खोलीत हँडल फिरवून उचलायचा पलंग आला, हवा भरलेली गादी आली, तिचा सतत उसासे टाकणारा पंप आला. एक दिवसाआड घरी येणारी सिस्टर आली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “आजार आता आपलं ऐकणार नाही. पण यांचा दिवस दुखण्याशिवाय जायला हवा, ते माझ्याकडे लागलं.”

आणि कपाटातून मी आलो.

बटणच्या आईने ससा असलेला तुकडा आजोबांच्या उशाशी ठेवला आणि दुसरा फ्रिजवर. म्हणजे तोंड आजोबांपाशी आणि कान स्वयंपाकघरात! मी आतल्या आत ओरडलो, पण ओरडून काय होणार, त्यासाठी आधी कुणीतरी कानात ओरडावं लागतं.

“काहीच ऐकू येत नाहीये,” ती संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली.

“हिरवा दिवा लागलाय ना? मग चालू आहे. बाबा शांत झोपले असतील.”

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, यंत्र बिघडलंय. हिला वाटलं, आपलेच कान बिघडलेत. ती दिवसातून पंचवीस वेळा जाऊन आजोबांचा श्वास बघून यायची, आणि शिवाय खबरदारी म्हणून तिने त्यांच्या हाताशी एक स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. काही लागलं तर वाजवा. पेल्याचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा! मला लागलं, पण ते असो.

त्याच संध्याकाळी बटणची आत्या आली. आत्या म्हणजे आजोबांची थोरली लेक. मनाने मेण, आवाजाने भोंगा. तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि कुजबुजायला सुरुवात केली. आत्याची कुजबुज रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावरची माणसंही वळून ऐकतात.

“हे बघ, बाबांना यातलं काही कळता कामा नये. डॉक्टर म्हणाले तीन आठवडे, फार तर चार. आपण म्हणायचं अशक्तपणा आहे. कळलं? अशक्तपणा!”

“पण ताई, त्यांनी विचारलं तर?”

“विचारणार नाहीत. आणि छोटीलाही काही सांगू नकोस. लहान पोर, पटकन बोलून बसेल.”

हे सगळं आजोबांच्या उशाशी माझ्या तोंडातून स्वच्छ बाहेर पडत होतं. माझ्या अंगावर पाच छोटे दिवे आहेत, आवाज वाढेल तसे चढतात. आत्यासाठी पाचही लागले होते. आजोबा ते दिवे बघत पडले होते. एक्स्चेंजमधल्या स्विचबोर्डवरचे दिवे बघावेत तसे. थोड्या वेळाने त्यांनी बोटाने माझा आवाज कमी केला आणि ठेवणीतल्या सुरात हळूच म्हणाले, “बरं. निरोप मिळाला.”

मग पेला वाजवून त्यांनी दाढीचं सामान मागवलं.

दुसऱ्या दिवशी आत्या तोंडभर हसू घेऊन आत शिरली. “बाबा! किती टवटवीत दिसताय!”

“अशक्तपणा आहे,” आजोबा म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“तूच म्हणणार आहेस.”

आत्या मटकन खुर्चीत बसली. त्यानंतर तर कहरच झाला. स्वयंपाकघरात दोघींचं ठरलं, की कडू गोळी कुस्करून केळ्यात घालू. केळं आत पोचायच्या आधी आजोबा म्हणाले, “गोळी नुसतीच द्या, उगाच केळं कशाला बिघडवायचं?” आत्याने भावाला फोन केला, की बाबांना सगळं दिसायला लागलंय, शेवटी शेवटी दिसतं म्हणे. आणि तेव्हापासून ती आजोबांच्या खोलीत येताना उंबऱ्यावर क्षणभर थांबून मनातले विचार आवरून घ्यायची. कधी कधी आवरायचेच नाहीत, मग ती बाहेरूनच विचारपूस करून जायची.

सिस्टरला मात्र तिसऱ्या दिवशीच उमगलं. ती आजोबांची पाठ पुसत होती, तिकडे स्वयंपाकघरात आत्याने दुधावरून कुणाला तरी झापलं आणि इकडे माझे पाचही दिवे नाचले. सिस्टरने दिव्यांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“आवाज बारीक ठेवत जा,” ती शांतपणे म्हणाली. “बॅटरी लवकर जाते.”

निघताना ती बटणच्या आईला म्हणाली, “त्यांना किती माहीत आहे, हे कधी विचारलंत?”

“ताई म्हणतात सांगायचं नाही.”

“सांगा कुठे म्हणतेय मी? विचारा म्हणतेय.”

बटणच्या आईने मान हलवली आणि विचारलं नाही. कारण तिची मुख्य काळजी अजून फ्रिजपाशीच अडली होती. आजोबांना नाही तर नाही, पण मुलीला सांगायलाच हवं होतं. एके सकाळी पलंग रिकामा दिसला आणि पोरीला वाटलं, आपल्याला फसवलं, तर? तिने या विषयावरचे अकरा लेख वाचले होते. ‘झोपले’ म्हणू नका, मूल झोपेला घाबरेल. ‘गावाला गेले’ म्हणू नका, मूल वाट बघेल. ‘आजारी होते’ एवढंच म्हणू नका, मूल सर्दीलाही भिईल. काय म्हणा, हे अकरापैकी फक्त दोघांनी सांगितलं होतं, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. आपण जे बोलू ते या मुलीला जन्मभर पुरेल, अशा धाकाखाली ती बिचारी कांदा चिरायची.

“हे बघ बाळा,” ती फ्रिजला म्हणायची, “आजोबा आता एका खूप लांबच्या प्रवासाला—”

टिंग टिंग! पेला वाजायचा. ती हातातली सुरी टाकून धावायची. “काय हवं बाबा?”

“काही नाही. उशी जरा.”

ती उशी सारखी करून यायची. पुन्हा घसा खाकरायची. “आजोबा आता खूप खूप गाढ झोपणार आहेत आणि—”

टिंग टिंग!

“काय झालं बाबा?”

“पाणी. नको, राहू दे. तहान गेली.”

“आजोबा आकाशात एक सुंदर तारा होऊन—”

टिंग टिंग! टिंग टिंग!

“बाबा?!”

“पंखा बंद कर.”

“पंखा बंदच आहे.”

“मग ठीक आहे.”

एकदा ती त्यांना पातळ औषध मोजून पाजत होती. ते गिळून आजोबा म्हणाले, “सूनबाई, पूर्वी लांबचा फोन तीन मिनिटांचा असायचा. वाईट बातमी द्यायला फोन लावलेला माणूस दोन मिनिटं हवापाण्याचं बोलायचा. उरलेला मिनिटभर रडायचा. लाइन कट. बातमी राहूनच जायची. मग मी परत जोडून द्यायचो. मनात म्हणायचो, अरे गड्या, आधी बोलून टाक. रडायला माणसं हवीत ना, ती पलीकडे आहेतच.”

तिने चमचा हातातच धरला. “हे तुम्हाला आत्ता का आठवलं?”

“अशक्तपणा,” आजोबा म्हणाले.

आता बटणचं सांगतो. तिने पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. ससा तिनेच हलवला होता, तिला नाही कळणार तर कुणाला! उशाशी वाकून ती म्हणाली, “आजोबा, हा तोंडवाला आहे. आईचं चुकलंय.”

“ठाऊक आहे.”

“सांगू तिला?”

आजोबांनी विचार केला. “तिने विचारलं तर खोटं बोलायचं नाही. नाही विचारलं, तर ऑपरेटर आपणहून काही सांगत नसतो.”

तिथून दोघांचं एक्स्चेंज सुरू झालं. बटण स्टूल ओढून फ्रिजपाशी चढायची आणि माझ्या कानाला ओठ लावून म्हणायची, “हॅलो एक्स्चेंज. आत्या आली. पिशवीत बिस्किटं आहेत. हवीत?” तिकडून पेला बोलायचा. एक टिंग म्हणजे हो, दोन टिंग म्हणजे नाही. “हॅलो एक्स्चेंज. आई कांदा कापतेय, पण कांदा नाहीये.” यावर कुठलं टिंग वाजवायचं, ते आजोबांनाही कळत नसावं.

आपली मुलगी फ्रिजशी कुजबुजते, हे बटणच्या आईने दाराआडून दोनदा पाहिलं. त्या दिवशी तिने बारावा लेख वाचला.

मग एक दुपार आली. आजोबा दिवसाचे बहुतेक तास झोपून काढायला लागले होते. सिस्टरने औषधाचं प्रमाण वाढवलं होतं आणि जाताना म्हणाली होती, “आता आठवडे धरू नका. दिवस धरा.” बटणची आई गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली, एकच चादर पुन्हा पुन्हा झटकत उभी राहिली. बटण स्टूलवर चढली.

“हॅलो एक्स्चेंज. आजोबा, तुम्ही मरणार?”

मी आजवर पुष्कळ आवाज वाहून नेले. घोरणं, उचक्या, तान्ह्या बाळाचं पहिलं खुदकन हसणं. हा आवाज तोंडाशी पोचवताना मला माझा हिरवा दिवा विझावासा वाटला.

टिंग.

“परत येणार?”

टिंग टिंग.

“दुखतंय?”

टिंग... आणि मग, पहिल्याला जोडून, सावकाश, आणखी एक टिंग. सिस्टरने आपलं काम चोख केलं होतं.

“बरं,” बटण म्हणाली. “मी ड्रॉइंग काढते.” आणि उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणच्या आईने मुलीला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं. समोर दूध ठेवलं. लेखांचे कागद ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला. तिने हवापाण्यापासून सुरुवात केली, आज ऊन छान पडलंय वगैरे, आणि मध्येच थांबली. तीन मिनिटांचा फोन आठवला असणार. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

“आजोबा मरणार आहेत,” ती म्हणाली. “थोड्याच दिवसांत. मला खूप वाईट वाटतंय.”

पलीकडच्या खोलीतून पेला वाजला. टिंग. एकदाच.

ती सवयीने ताडकन उठली, खुर्ची मागे कलंडली, ती दाराकडे धावली आणि बटणने तिची बाही धरली. मग बटण जे म्हणाली ते सांगतोच, पण माझ्यात आवाज जरा उशिराने पोचतो, तेवढं चालवून घ्या.

त्यानंतर आजोबा सहा दिवस होते. बटणच्या आईने आधी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, मग कपाळाला हात लावला, मग इतकं हसली, की आत्याला वाटलं हिचंही काहीतरी बिनसलं. आत्याला खरं कळलं तेव्हा ती तीन आठवड्यांत फ्रिजसमोर आपण काय काय बोललो, ते बोटांवर आठवत बसली. आजोबांच्या खाण्यापिण्याबद्दल बोलली होती, त्यांच्या जुन्या चपला फेकण्याबद्दल बोलली होती, आणि एकदा, घरात कुणी नाही असं समजून, ‘बाबा, मला सोडून जाऊ नका हो’ असंही. ती आत गेली आणि पहिल्यांदाच न कुजबुजता पलंगाच्या कडेला बसली. आजोबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “लाइन स्वच्छ होती,” म्हणाले.

तुकड्यांची आता अदलाबदल करू या, असं नवऱ्याने सुचवलं. बायकोने नको म्हटलं. शेवटचे दोन दिवस आजोबांच्या हातात चमचा उचलायचं बळ नव्हतं. सिस्टर म्हणाली, ऐकू बहुधा शेवटपर्यंत येतं, घरात नेहमीसारखं बोलत राहा. मग मी स्वयंपाकघर त्यांच्या उशाशी नेत राहिलो. नळाचं पाणी, चहाचं आधण, आत्याची ओरड, बटणचं ‘हॅलो एक्स्चेंज, आज मी शाळेत पडले पण रडले नाही’. सकाळी आठच्या सुमारास, मुलाचा हात हातात असताना, आजोबांनी लाइन सोडली. तेव्हा माझे दोन दिवे लागलेले होते. तिकडे कुणीतरी कपबशा विसळत होतं.

आता मी पुन्हा कपाटात आहे. ससा चुकीच्याच तुकड्यावर आहे, तो कुणी हलवायचा नाही असं ठरलंय. छत्री माझ्याशी बोलायला लागली आहे. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर माझं एवढं ऐका. त्यांच्या उशाशी नुसता कान ठेवून तुम्ही त्यांचा श्वास मोजत बसता, तो मोजा, पण दार थोडं उघडं ठेवा. घरातली भांडणंसुद्धा त्यांच्यापर्यंत जाऊ द्या. आणि तुमची कुजबुज त्यांना ऐकू जात नाही, या भ्रमात राहू नका. मी नसलो तरी जाते.

हां, तर ती सकाळ. खुर्ची कलंडलेली, आई दाराकडे निघालेली आणि तिची बाही घट्ट धरून बटण.

“पळू नको ना आई, त्यांना पाणी नकोय. ते ‘हो’ म्हणाले. आता तू रड, पण बारीक आवाजात. ससा त्यांच्या कानाशी आहे.”